धुक्यामागचं झाड

वसंतअण्णांची आणि माझी ओळख एका डोंगरामुळं झाली. डोंगर खरा नव्हता, फ्लेक्सवरचा होता. नववीतच शाळा सोडून मी हुबळीत एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो होतो. नवनगरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक टांगत होतो, तर खाली एक गृहस्थ बराच वेळ वर बघत उभे. मला वाटलं, पाहुण्यांचं नाव चुकलं असणार. ते म्हणाले, "काय रे, मागचा डोंगर असा पुढं का आलाय? भाषणाला बोलावलंय का त्याला?"

"डोंगरच तो. कुठं जाईल?"

"लांब जाईल. उद्या पहाटे ये, दाखवतो."

एकेकाळी हुबळी-धारवाडच्या फोटो स्टुडिओंतले पडदे रंगवणारे ते हेच अण्णा. पडद्यांचे दिवस संपल्यावर उतारवयात ते कॉम्प्युटर शिकले आणि राहत्या घरी क्लास काढून आमच्यासारख्यांना पडद्यावर डोंगर, तळी, रस्ते उभे करायला शिकवू लागले. यंदा त्यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. या गौरवग्रंथात जाणती माणसं त्यांच्याविषयी लिहितील. मी दिल्लीच्या बाजूला एका स्टुडिओत सिनेमांसाठी धुकं तयार करतो, तेव्हा मी धुक्याबद्दलच लिहावं हे बरं.

त्या पहाटे अण्णांनी मला अमरगोळच्या रस्त्याकडेला उभं केलं. थंडीचे दिवस, समोर सगळं पांढरं. बाजारात मिरची घेऊन येणाऱ्या लॉऱ्या एकेक करून त्या पांढऱ्यातून बाहेर पडत होत्या.

"नोडु, नोडु! बघ, पहिल्यांदा काय दिसलं?"

"लॉरी."

"खोटं. नीट बघ."

पुढच्या वेळी बघितलं. आधी दिवा दिसला, तोही दिवा नव्हे, नुसता उजेडाचा गोळा. मग काळपट आकार. कडा आणि रंग सगळ्यांत शेवटी, लॉरी अगदी जवळ आल्यावर. खोलगट शेतात धुकं दाट, बांधावर विरळ. अण्णा म्हणाले, "चित्रावर पांढरं फासलं म्हणजे धुकं होत नाही. जवळचं जवळ राहिलं पाहिजे, लांबचं लांब गेलं पाहिजे." त्या दिवशी माझा फ्लेक्सवरचा डोंगर लांब गेला तो गेलाच.

त्यांच्या क्लासचा एक नियम होता. धुकं घालायच्या आधी त्यामागचं सगळं पूर्ण करायचं. झाड झाकलं जाणार असलं तरी त्याला फांद्या, पानं, सालीवरच्या भेगा सगळं हवं. माझा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून त्यांनी माझं नाव वारं ठेवलं होतं. मी वैतागून म्हणायचो, "अण्णा, ते झाड दिसणारसुद्धा नाही!"

"दिसणार नाही, पण असणार. वारं सुटलं की धुकं पळतं, म्हणून तू आधी खाली बस."

मग आतून अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, गिरमिटाची, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांची, ताटली घेऊन येत आणि झाडाला पानं फुटेपर्यंत मी बसून राही.

पुढं नोकरीसाठी पुण्यात एका ठिकाणी गेलो, तर त्यांनी दहावीचा दाखला मागितला. माझ्याकडं तो असणार कुठून? अण्णांनी स्वतः फोन केला. एवढंच म्हणाले, "कागद नंतर बघा. आधी त्याचं धुकं बघा." त्यांनी बघितलं. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून इकडं असं मी भटकत राहिलो, पण काम पाठवण्याआधी अण्णांना दाखवायचं, हे काही सुटलं नाही.

गेल्या वर्षी अण्णांचं उत्तर दर वेळी एकच येऊ लागलं. "धुकं जास्त झालंय. कमी कर." मी कमी केलं. पुन्हा तेच. इकडं साहेब विचारायला लागले, धुक्याचा सीन आहे, धुकं कुठाय? तिकडं क्लासमधली पोरंही कमी करत होती. अण्णांना उलट बोलायची पद्धत आमच्यात नाही. सगळ्यांची चित्रं घासलेल्या ताटासारखी लख्ख झाली, तरी अण्णांचं समाधान होईना. शेवटी ते मला फोनवर म्हणाले, "पोरांना साधं धुकं जमेना, म्हणजे मला शिकवता येईना. साकु, पुरे आता. उगादीनंतर क्लास बंद करतो."

तो क्लास बंद झाला तर माझ्यासारख्यांनी जायचं कुठं? अशातच घाईत माझ्या हातून भलतंच चित्र गेलं. धुकं अजून घातलंच नव्हतं असं, कोरडं ठणठणीत. अण्णांचं उत्तर आलं, "आता जरा बरं. अजून थोडं कमी कर."

आधी मी खो खो हसलो. मग शंका आली आणि अक्कांना फोन लावला.

"अक्का, अण्णा पेपर कसा वाचतात हो?"

"खिडकीत उभं राहून, नाकाला लावून. वर म्हणतात, छापखान्यानं शाई पातळ केलीय!"

मग मी अण्णांना सांगितलं, "अण्णा, त्या चित्रात धुकं नव्हतंच. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू असणार."

बोलून तर गेलो, पण मी घाबरलो. मग अण्णांनी विचारलं, "म्हणजे पोरांचं बरोबर होतं?"

"सगळ्यांचं."

"अरे वा!" आवाजात एवढा आनंद, की डोळ्यांचं कुणी बोललंच नसावं. "अगं ऐकलंस का, पोरांचं बरोबर होतं! मग क्लास कशाला बंद करायचा?"

डॉक्टरांनी आधी उजवा डोळा केला. डाव्याचा नंबर लागेपर्यंत अण्णा घरात एकेक डोळा झाकून हिंडत होते. मला फोन केला, "उजव्यानं तारिहाळच्या कारखान्याची चिमणी दिसतेय, मागं ढग दिसताहेत. डाव्यानं जवळचं, लांबचं सगळं एकसारखं पांढरं. अगदी तुझं पहिल्या दिवसाचं काम!"

डावा डोळाही झाल्यावर त्यांनी क्लासमधलं प्रत्येकाचं चित्र पुन्हा उघडून बघितलं. एरवी धुक्यामागं लपणारी, आता उघडी पडलेली झाडं पहिल्यांदाच सगळ्यांना दिसली. फांद्या, पानं, सालीवरच्या भेगा, कुणीही अंगचोरी केली नव्हती. अक्का सांगत होत्या, अण्णा एकेका पानाला नमस्कार करायचे तेवढे बाकी होते.

माझ्या चित्रावर उत्तर आलं ते असं, "झाड सुंदर. पण वाऱ्या, यात धुकं कुठाय? घाल की!"

अण्णा, घातलं. तो सीन इथं एका फटक्यात पास झाला. शंभरी गाठेपर्यंत तुमची तब्येत ठणठणीत राहो, अक्कांची साथ राहो आणि दर थंडीत अमरगोळच्या रस्त्याकडेला तुमच्या शेजारी कुणीतरी नवं पोर उभं असो. त्याला लॉरी दिसेल. तुम्ही "खोटं" म्हणा.