साक्षीदार म्हणून नेलेले साडू

रायगड जिल्ह्यात आमच्या साडूंइतका हुशार आणि आमच्या साडूंइतका निरुपयोगी माणूस दुसरा नाही, हे मी कोणत्याही कागदावर सही करून द्यायला तयार आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. पेणला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि क्लासची मुलं भुवया पांढऱ्या करून घरी जायची. पण ही त्यांची खरी ओळख नव्हे. खरी ओळख ही की दोन वस्तू एकसारख्या दिसल्या की हा माणूस भरल्या ताटावरून उठतो. आपण म्हणावं, असतील सारख्या, जग मोठं आहे. साडू म्हणणार, "सारख्या नाहीत भाऊ, एकीवरून दुसरी काढलीय." मग ती कुणी आणि कशावरून काढली हे शोधल्याशिवाय ते थांबत नाहीत, आणि ज्याचं बिंग फुटतं तो जन्मभर त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

त्यांची कसोटी चमत्कारिक होती. चांगल्या गोष्टीकडे ते ढुंकून बघत नसत, खोट शोधत. म्हणायचे, "दोन पोरांचं गणित बरोबर आलं तर त्यात काय विशेष? दोघांचं एकाच जागी, एकाच तऱ्हेने चुकलं की समजायचं, वही एकच आहे." ही कसोटी त्यांनी वहीपुरती ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. एकदा अलिबागला जाताना आम्ही वडखळ नाक्यावर एका हॉटेलात उसळपाव खाल्ला आणि येताना समोरच्या हॉटेलात. दुसऱ्या ठिकाणी पहिला घास घेऊन साडू भरल्या हॉटेलात म्हणाले, "हा करपल्याचा वास मी सकाळी रस्त्यापलीकडे खाल्लाय." चौकशी झाली. एकच आचारी पहाटे एकाच पातेल्यात उसळ करून दोन्हीकडे पाठवत होता, आणि दोन्ही मालक आपापली खास पाककृती म्हणून ती विकत होते. आचाऱ्याच्या दोन्ही नोकऱ्या गेल्या. आता मालक स्वतः करतात. दोन्हीकडची उसळ वेगवेगळ्या तऱ्हेने वाईट असते, एवढी सुधारणा साडूंनी वडखळला करून दिली.

पेणसारख्या गावात, जिथे घरटी साच्यातून गणपती निघतात, तिथे अशा माणसाने डोळे मिटून चालायला हवं. पण आमच्या घरी आरती चालू असताना यांनी मूर्तीच्या डाव्या कानामागे बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे टवका आहे. शेजारच्यांच्या गणपतीलाही इथेच आहे. साचा तिथे फुटलाय." माझी बायको तबक खाली ठेवून म्हणाली, "भावजी, देवाला तरी सोडा." ते म्हणाले, "वहिनी, मी देवाला कुठे बोललो, साच्याला बोललो." आमच्या सासरवाडीत बारशाचं बोलावणं त्यांना पाळणा हलवून झाल्यावरच पोचेल, अशी व्यवस्था सगळे मिळून करतात. कारण एका बारशाला त्यांनी बाळाचे कान बराच वेळ न्याहाळले होते आणि तेवढ्या वेळात घरातल्या तीन जणांना घाम फुटला होता.

क्लासच्या आधी ते रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटर खात्यात होते. तिथे पगाराचा प्रोग्रॅम कुणीतरी आधीच लिहिलेला होता. ओव्हरटाइमचा हिशेब एकदा लिहून सगळीकडून तोच वापरायचा, तर त्या गृहस्थाने तो प्रत्येक खात्यासाठी उचलून पुन्हा पुन्हा चिकटवला होता. पुढे ओव्हरटाइमचा नियम बदलला. एका ठिकाणी दुरुस्ती झाली, बाकीच्या नकला तशाच राहिल्या. त्यामुळे एका खात्याला नवा दर मिळे आणि भिंतीपलीकडच्या खात्याला जुना. हे साडूंनी शोधलं यात त्यांचं कौतुकच आहे. पण ते सांगायला त्यांनी साहेबांची केबिन निवडली नाही. कॅन्टीन निवडलं, तेही शिफ्ट बदलायच्या वेळी. तो प्रोग्रॅम साहेबांच्याच मेव्हण्याने लिहिला होता. साडू त्या महिन्याअखेर घरी होते.

मग क्लास. मुलं एकमेकांच्या फ्लॉपीवरून प्रोग्रॅम उतरवून आणायची. ती पकडायला साडूंनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. पोराने नावं बदलली, ओळी वरखाली केल्या, तरी तो आतला सांगाडा बघून सांगायचा की हे अमक्याचं आहे. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, मी सगळी नावं बदललीत." साडू म्हणाले, "बाळा, तू शिंगं रंगवलीस, बैल तोच आहे." इथवर ठीक. पण एके दिवशी त्यांनी हा चोर पकडणारा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःवरच चालवून बघितला, आणि त्याने सांगितलं की माझा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यावरून उचललेला आहे. साडूंनी घाईत स्वतःचंच लिखाण ठिकठिकाणी चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहून पुढे शून्य मार्क मांडले आणि मुलांना सुट्टी दिली. पालकांना वाटलं मास्तर नापास झाला. चार मुलांनी क्लास सोडला.

मी अशा माणसाला कामाचा समजलो, यात माझा दोष नाही. त्या साली परदेशात एका मेंढीपासून तशीच दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी पेपरात आली, आणि साडू तो पेपर घेऊन पहिल्या एसटीने माझ्याकडे आले. माझी नर्सरी पेण-रोहा रस्त्यावर, नागोठण्याच्या अलीकडे. सातवीत शाळा सोडून मी दुसऱ्याच्या नर्सरीत पिशव्या भरल्या, कलमं बांधायला शिकलो आणि मग स्वतःची उभी केली. मला कुणी कधी शहाणा म्हटलेलं नव्हतं. साडू बाकावर बसायच्या आधी म्हणाले, "भाऊ, तिकडे मेंढीवर आत्ता जमलं. तुम्ही चाफ्यावर किती वर्षं हेच करताय. बीचं रोप म्हणजे लेकरू, आई वेगळी, ते वेगळं. कलम म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी." मी त्या दिवशी त्यांना चहाबरोबर भजी खिलवली.

चाफा म्हणजे आमच्या आईचा चाफा. आई पेणच्या एसटी स्टँडबाहेर फुलं विकायची. परसातल्या त्या एका सोनचाफ्यावर तिने आम्हा भावंडांना वाढवलं. ते झाड आपण बी लावून वाढवलं, असं ती सांगायची. दुसरे चाफे रुसतात तेव्हाही हा फुलतो आणि वास दोन घरांपलीकडे जातो. खोट एकच, प्रत्येक फुलाच्या बाहेरच्या एका पाकळीवर वाकडी हिरवी रेघ असते. गिऱ्हाईक आलं की मी रोपाची पिशवी फिरवून ती बाजू भिंतीकडे करतो. आई गेल्यावर मी त्याची कलमं विकायला काढली आणि आईच्या नावाने फलक लावला, भागीचा चाफा. धंद्यात मी कुणाला एक काडी सोडत नाही, पण या फलकासाठी मी पदरचं घालायला तयार होतो. ती जन्मभर रस्त्यावर बसली, तिचं नाव कुठेतरी उभं राहावं एवढंच मला हवं होतं.

आणि श्रावणात रोह्याला रोपांचं प्रदर्शन भरलं, मी फलक घेऊन टेबल मांडायला गेलो, तर तिथे एका रोहेकर नर्सरीवाल्याच्या टेबलावर माझा चाफा उभा. तीच रेघ. खाली फलक, 'रोहा सुवर्ण'. मी तिथेच त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. प्रदर्शनाचे अध्यक्ष एक निवृत्त कृषी अधिकारी होते. ते म्हणाले, दोघांनी आपापला पुरावा आणा, ज्याचं झाड त्याचं नाव राहील. मी पुरावा म्हणून साडूंना नेलं. येण्याजाण्याचं भाडं, जेवण, वर पानसुद्धा माझं.

साडूंनी दोन्हीकडची टोपलीभर फुलं मांडली, भिंग घेतलं, पाकळ्या, पानांच्या शिरा, देठाचा बाक, सगळं पाहिलं. मग उठून म्हणाले, "झाड एकच आहे. दोन जागी उभं आहे एवढंच." मी छाती काढून सगळ्यांकडे बघितलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे यांनी त्यांच्याकडून नेलं."

"ते यातून कळत नाही," साडू म्हणाले. "सारखेपणाला तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, सांगता येत नाही. यांनी त्यांचं नेलं असेल, त्यांनी यांचं, किंवा दोघांनी तिसऱ्याचं."

मी म्हणालो, "तिसरा कोण? आईने बी लावून वाढवलंय ते."

साडू माझ्याकडे वळले. अगदी प्रेमाने विचारलं, "भाऊ, तुम्ही बघितलंत लावताना?"

"मी जन्मलो नव्हतो तेव्हा."

"मग ते ऐकीव झालं," साडू म्हणाले.

रोहेकर हसून म्हणाला, "शेठ, साक्षीदार घरचा आणलात, आणि तो पण आमच्याच बाजूचा निघाला." अध्यक्षांनी दोन्ही फलक उतरवून ठेवले. माझ्या आईचा शब्द भर मंडपात ऐकीव ठरला, आणि तो ठरवणाऱ्याच्या तोंडात माझ्या पैशाचं पान होतं.

परतीच्या एसटीत मी बोलत नव्हतो. साडूंना ते कळलंसुद्धा नाही. ते उत्साहाने सांगत होते, "एक उपाय आहे. खोडाशी हातभर खणू. बीच्या झाडाला सोटमूळ असतं, सरळ खाली जाणारं. गुटी बांधून, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून लावलेलं असेल तर सोटमूळ नसतं. लगेच निकाल."

मी म्हणालो, "माझ्या आईच्या झाडाला फावडं लावलंत तर तुमच्या कॉम्प्युटरला पहार लावीन."

"पण खरं कळेल भाऊ."

"तुम्ही आता गप्प बसता की मी वाटेत उतरू?"

ते गप्प बसले नाहीत. मी वाटेत उतरलो. पावसात चालत नर्सरी गाठली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. सणावारी बायका एकमेकींकडे जायच्या, आम्ही दोघे आपापल्या घरी. पुढे दोन हजार सालाची भीती निघाली. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते, आणि तो हिशेब जागोजागी उचलून चिकटवलेला. एक दुरुस्त करून त्याची भावंडं सापडली नाहीत तर सगळं कोसळणार. अशी भावंडं हुडकायला पुण्याच्या एका कंपनीने साडूंना बोलावून नेलं. ज्या खोडीपायी रोह्याची नोकरी गेली, तिच्यासाठी पुण्यात त्यांना गाडी न्यायला येते, असं मेव्हणी सांगत होती. मी म्हणालो, पुणेकरांना अजून अनुभव यायचाय.

ते गेल्यावरच्या पावसाळ्यात गागोदे बुद्रुकहून कलमांची मोठी मागणी आली म्हणून मी टेम्पो घेऊन गेलो. कलमं उतरवून परत निघालो तर वाटेत एका घरामागून वास आला. तो वास मी आंधळा झालो तरी ओळखीन. मागे गेलो. आमच्या झाडाच्या दुप्पट घेराचा सोनचाफा. खाली पडलेलं फूल उचललं. बाहेरच्या पाकळीवर वाकडी हिरवी रेघ.

घरातली म्हातारी ओटीवर वाल सोलत होती. मी विचारलं, हे झाड किती जुनं. ती म्हणाली, "माज्या सासूच्या हातचं हाय. रोह्याला लेक दिलीय, ती नेतं गुटी बांधून. तिच्याकडून आनिक कोन कोन नेतात. आदी पन एक पेनची बाई भाताच्या लावनीला आलेली, तिनं पन गुटी नेलान. भागी म्हनून. लाजत व्हती मागाया. मीच म्हटला, ने गो."

मी तिथेच बसलो. म्हातारीने पाणी दिलं. मग तिने विचारलं, "तुमी काय करता?"

"नर्सरी आहे माझी."

तिचे हात थांबले. "मंग मी सांगाया नको व्हता," ती म्हणाली. "दोन सालांमागं पेनचा एक मास्तर आलेला, रोह्याच्या लेकीकडून पत्ता काडून. कॉम्पुटरचा. दिसभर हितं फुलं मांडून बसला, माजं समदं ऐकून घेतलान. जाताना हात जोडून बोलला, आजी, नर्सरीवाला कुनी आला तर त्याला चाफा दावू नका, भागीचा तर नावच काडू नका."

दोन सालांमागं म्हणजे प्रदर्शनानंतर लगेच. ज्या माणसाला उसळीतला करपल्याचा वास पोटात ठेवता आला नाही, त्याने एवढी गोष्ट ठेवली होती. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी मेव्हणीला आडून विचारून खात्री करून घेतली. हे माझ्या कानावर येऊ नये म्हणून त्यांनी शेवटी गप्प बसायचं ठरवलं, आणि मी त्यांना एसटीतला बडबड्या म्हणून घराघरांत सांगत होतो. रोहेकर चोर नव्हता, हेही यातून निघतं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ते घाईचं काम नव्हे.

दिवाळीत मी आपणहून पुण्याला फोन लावला. साडूंचा आवाज बारीक झाला होता. कामाबद्दल बोलले, डोळ्यांच्या नंबराबद्दल बोलले. पुण्यात सगळं एकसारखं आहे, इमारती, दारं, जिने, पण कुणी कुणावरून काढलं हे शोधायला जावंसं वाटत नाही, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, हल्ली गागोद्याच्या बाजूला जाणं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "तिकडे माझं काय काम?"

"तेही खरंच," साडू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. माहीत असून गप्प बसणं शिकलो मी ते त्यांच्यापासूनच, अगदी जसंच्या तसं उतरवून घेतलेलं. त्यांना ते ओळखू आलं की नाही, कोण जाणे.