मायाप्पाचा म्होरक्या आणि अंगातले खबरे

मी जतकडचा जनावरांचा डॉक्टर. बरं झालेलं जनावर लक्षात राहत नाही, मालक काय बोलला ते मात्र पक्कं राहतं! सांगलीला मित्र भेटले की चहाच्या आधी विचारतात, "मायाप्पा काय म्हणतोय?"

मायाप्पा आमच्याकडचा मेंढपाळ. लस म्हटली की गडी कळप घेऊन टेकडीपलीकडे पसार! पण शेजारच्या वस्तीवर मेंढरं मरायला लागली, तेव्हा मी त्याला गाठलाच.

*

"लस म्हंजी रोगच की वो! चोराला मीच दारात बोलवू?"

म्हटलं, "हातपाय मोडलेला चोर! कातडीखाली खबरे असतात. ते चोराचा तुकडा तोडतात, अंगातल्या गाठीत नेतात आणि तिथल्या शिपायांना दाखवतात. खरा चोर आला की शिपाई ओळखतात. या खबऱ्यांना डेंड्रिटिक सेल म्हणतात."

शेजारी रिटायर्ड सुभेदार बसले होते. "खबऱ्या सोता लढत न्हाई?"

"नाही."

"मग हेडक्वार्टरचा माणूस हाय!"

*

मायाप्पाची बायको कोंडाबाई म्हणाली, "म्हंजी आमच्या ह्येंच्यासारखंच की! घरात काडी हलवायची न्हाई, चावडीवर जाऊन समदं सांगायचं!"

मायाप्पा फेटा नीट करू लागला.

*

मग त्याला एकदम पटलं. "येकालाच टोचा. म्होरक्याला!"

म्होरक्या म्हणजे कळपापुढं चालणारा, गळ्यात घंटा बांधलेला बोकड.

"त्यो वळला की समदी मेंढरं वळत्यात. खबर बी त्योच दील!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, खबऱ्या कातडीबाहेर पडत नाही! प्रत्येकाच्या अंगातली चावडी वेगळी!"

"मग तसं आदी सांगायचं न्हवं!"

अख्खा कळप टोचला. आधी म्होरक्या उभा राहिला, मग बाकीची आपोआप त्याच्यामागं आली.

*

दोन-तीन दिवसांनी कोंडाबाईचा फोन. "आवं सायेब, म्होरक्या तापलाय. खाईना, उठंना!"

लसीनं कधी कधी ताप येतो, हे मला ठाऊक. पण हा बोकड गेला असता, तर त्या माळावर एकाही मेंढराला मला कुणी हात लावू दिला नसता. गाडीला किक मारली आणि थेट मेंढवाड्यावर गेलो.

म्होरक्या सावलीत बसला होता. शेजारी मायाप्पा. बोकडाच्या गळ्यातली घंटा सोडून त्यानं मुठीत घट्ट धरली होती.

मी लांबूनच ओरडलो, "काय झालं हो?"

मायाप्पानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला सायेब. आत चावडी भरलीया!"