विद्येसाठी केलेले क्षौर

नामांतराच्या आंदोलनामुळे बस निघेल की अडेल याचा भरवसा नसे, अशा त्या काळात माझी कन्या परभणीच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकत होती आणि पालक समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले होते. ते माझ्या व्याकरणाच्या अध्ययनामुळे आले, असे मला काही दिवस वाटत राहिले. वस्तुतः ते माझ्या ओठामुळे आले.

शाळेत मुलांना बोलणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखायला शिकवीत. पहिल्याच सभेत बाईंनी सांगितले, की घरी पालकांनी मुलासमोर बसून, ओठ स्पष्ट दिसतील अशा रीतीने, सावकाश बोलावे. जमलेल्या बापांच्या ओठांवर मिशांचे असे छप्पर उतरले होते, की खालचे दार दिसू नये. गुळगुळीत असा मी एकटाच. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "असं तोंड हवं." निवड एकमताने झाली.

सभेत पोखर्णीकडील एक शेतकरी होता. त्याची मुलगी शाळेच्या वसतिगृहात राही आणि रविवारी घरी जाई. पोर तल्लख, बाईंचे ओठ हलले की पाटी, डबा, पाणी, सांगाल ते आणून देई. घरी मात्र बापाच्या तोंडाकडे पाहून रडे.

"बाईचं समजतंय, माझं समजना," तो म्हणाला. "बापाचंच कळंना तर कशाची शाळा? दिवाळीला घेऊन जातो, ते परत आणत न्हाई."

अध्यक्ष या नात्याने मी म्हणालो, "मिशी काढा."

"गुरुजी, बाप जिता हाय माझा."

आमच्याकडे पुरुष मिशी उतरवतो ती वडील वारल्यावर. त्याची अडचण खरी होती. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजीचं काय जातंय? त्यांचं रान आधीच पडीक." सभा हसली, मीही हसलो.

घरी येऊन मी ग्रंथ पाहिले. तीर्थक्षेत्री क्षौर विहित आहे, आणि तेथे कोणी निवर्तलेला असावा लागत नाही. तेव्हा गंगाखेडला गोदावरीच्या तीरी, 'कन्याविद्याप्राप्त्यर्थम्' असा संकल्प सोडून मिशी उतरवली, तर दोष नाही. शेतकऱ्याला हा आधार पटला. इतर बाप म्हणाले, "आधी ह्याचं काय होतंय ते बघू."

रविवारी आम्ही घाटावर गेलो. त्याच घाटावर अंत्यसंस्काराचे आणि दहाव्याचे विधी चालतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी स्वतः ते अनेकदा चालविले होते. परंतु संकल्प शुद्ध असला की पाहणारे लोकही तो संकल्पच पाहतील, अशी माझी श्रद्धा होती.

न्हाव्याने वस्तरा लावला असता एक गृहस्थ थबकले आणि हात जोडून, डोळे पुसत लगबगीने बसथांब्याकडे गेले.

"आमच्या गावचा हाय," शेतकरी म्हणाला. "बोलला कसा न्हाई?"

"श्रद्धाळू दिसतो," मी म्हणालो.

त्याच्या वडिलांना शास्त्राधार सांगायला मीही सोबत निघालो. बसमध्ये कंडक्टरने त्याच्या ओठाकडे पाहिले आणि खिडकीची जागा मोकळी करून दिली. घराजवळ पोचलो तर अंगण माणसांनी भरलेले, बायकांचा हंबरडा चाललेला. इतक्यात शेताकडून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, त्याचे वडील आले.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारले.

शेजारची एक म्हातारी डोळ्यांवरचा पदर काढून म्हणाली, "तुमीच गेलाव म्हनं, आबा."

आबांनी भारा खाली ठेवला. "मग मला कुणी सांगितलं कसं न्हाई?"

मग त्यांची दृष्टी मुलाच्या ओठावर गेली. ते काही बोलण्याआधीच मी पुढे होऊन तीर्थ, क्षौर आणि संकल्प यांचे क्रमाने विवेचन केले. त्यांनी ते शांतपणे ऐकले.

"म्हंजे मी मेलो न्हाई, हे नक्की ना?"

"शास्त्रतः नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. भाकर खायची हाय अजून."

एवढ्यात गर्दीतून मुलगी आली आणि बापाच्या उघड्या ओठावर बोट फिरवून पाहू लागली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सावकाश म्हणाला, "आबाला पाणी दे."

ती घरात धावली. भरलेला तांब्या घेऊन, सांत्वनाला आलेल्या साऱ्यांना ओलांडून, तिने तो नेमका आबांच्या हाती दिला. आबांनी घटाघटा पाणी संपवले आणि कौतुकाने नातीला काहीतरी म्हटले. तिने निरखून पाहिले. काहीच कळेना, तेव्हा दोन बोटांनी त्यांची मिशी वर उचलून ती खाली डोकावली. मघाच्या रडणाऱ्या बायकाच प्रथम हसल्या.

"न्हाव्याला बोलवा," आबा म्हणाले.

"आबा, लोक काय म्हणतील?" मुलाने विचारले.

"काय म्हणतील? माझा बाप कवाच गेलाय. मला कुणाचं भ्या?"

सोमवारी नातीला शाळेत सोडायला आबा स्वतः आले. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यात वरचा ओठ तेवढा कोवळा, गोरा दिसत होता. बाईंसमोर उभे राहून, प्रत्येक शब्द ओठांनी घडवीत, ते सावकाश म्हणाले, "दिवाळीला नेतो. सुट्टी सरली की मीच आणून सोडतो."

बाईंना उत्तम ऐकू येत असे. तरी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.