नकलेतला जोहार

"दोघं शेजारी शेजारी उभे राहा," खोत म्हणाले. "बघू तरी, अस्सल कोण आणि नक्कल कोण."

सकाळचे नऊ वाजले असतील. म्हसळ्याच्या अलीकडचं गाव. खोती कायद्याने गेली होती, पण लोक त्यांना खोतच म्हणत आणि तेही तसेच वागत. ओटीवर मुंबईचे पाहुणे चहा पीत बसलेले. खाली अंगणात मी, कोट-टाय घालून. माझ्या शेजारी गावचा म्हातारा महार. लाकडाची मोळी टाकून नुकताच उभा राहिला होता. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं.

मी नकलाकार. कुलाबा जिल्ह्यात गावोगाव फिरून लोकांना हसवायचं, हा माझा धंदा. गणपती, जत्रा, शाळेचं संमेलन, कुठेही. रेवसच्या धक्क्यावर ओरडणारा लाँचवाला करायचो, शाळा तपासायला आलेला साहेब करायचो. पण प्रेक्षकांतून चिठ्ठी यायची ती एकाच नकलेची. खोतापुढे लवून 'जोहार मायबाप' म्हणणारा महार. आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात ती केली तेव्हा हसून हसून खोतांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून आज पाहुण्यांसाठी पुन्हा.

ती नक्कल मी माझ्या बापाकडे बघून शिकलो होतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मीही महारच. कोट, टाय आणि मुंबईत घासूनपुसून घेतलेली भाषा. एवढ्यावर लोक मला 'मास्तर' म्हणायचे आणि पंगतीला बसवायचे. जात कुणी विचारत नसे. मी सांगत नसे.

"कर रे जोहार," खोत म्हाताऱ्याला म्हणाले.

तो वाकला. उजवा हात जमिनीला, मग कपाळाला. "जोहार, धनी." गुडघे दुखत असावेत, उठताना मांडीला धरून उठला. पाहुणे हसले.

मग मी. मी त्याच्याहून जास्त वाकलो. आवाजात कंप घातला. मध्ये खोकला घातला. उठताना त्याच्यासारखंच मांडीला धरलं. ते तर मी आत्ताच त्याच्याकडून उचललं होतं. ओटीवर हसण्याचा नुसता कल्लोळ.

"मास्तर, तुमचाच फक्कड!" खोत म्हणाले. "याला शिकवा जरा."

म्हातारासुद्धा हसला. धनी हसले की हसायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आणि मला? मला बरं वाटलं. हे सांगताना आज तोंड लपवावंसं वाटतं, पण खरं तेच सांगतो. मी जिंकलो म्हणून मला बरं वाटलं.

पाहुण्याचं सामान शिवेपर्यंत पोचवायचं काम त्या गावात पूर्वापार म्हाताऱ्याच्या घराकडे होतं. माझी कपड्यांची ट्रंक त्याने डोक्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. मी मागे, हात हलवत. ट्रंक माझ्या डोक्यावर घ्यावी असं शंभरदा वाटलं. पण एवढा मोठा मास्तर महाराच्या डोक्यावरचं ओझं का घेतो, असं कुणी विचारलं असतं तर? वाटेत शेतांवर माणसं होती. मी हात हलवतच राहिलो.

गाव मागे पडल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"जोहार करायच्या आदी तुमी उन्हाकडं बगितलात. मग दोन पावलं बाजूला झालात."

मला काही कळेना. मग एकदम कळलं. सकाळच्या उन्हात माझी सावली ओटीच्या पायरीवर पडत होती. ती धन्याच्या पायरीवर पडू नये म्हणून मी सरकलो होतो. नकलेत हे नव्हतं. कधीच नव्हतं. पटांगणात बत्तीच्या उजेडात त्याची गरजही नसते. लहानपणी बापाचा हात धरून अंगणात उभा राहायचो, तेव्हा तो खांद्याला धरून मला बाजूला करायचा. मी विसरलो होतो. माझे पाय विसरले नव्हते.

"ह्ये बगून कुनाला येत न्हाय," म्हातारा म्हणाला. "ह्ये घरात शिकवत्यात." मग त्याचा आवाज बदलला. मऊ झाला. "कुन्या वाडीचा रं तू, पोरा?"

पोरा म्हणाला तो मला. अख्ख्या दौऱ्यात मला कुणी पोरा म्हटलं नव्हतं.

आणि मी काय बोललो? खोतांच्या आवाजात बोललो. नकलाकार ना मी! "काय बडबडतोस, म्हाताऱ्या? नीट चाल. ट्रंक पाडशील."

एस.टी.च्या थांब्यावर त्याने ट्रंक उतरवली, धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी कुनापाशी बोलनार न्हाय. सुकी ऱ्हावा." दोन पावलं मागे सरकला आणि वाकला. हात जमिनीला, हात कपाळाला. मला. दुरून एक माणूस बैल घेऊन येत होता, त्याला संशय येऊ नये म्हणून. माझी लाज झाकायला त्या म्हाताऱ्याने मला जोहार घातला. मी तो घेतला.

गाडीत बसलो आणि बाप आठवला. आमच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला आणि घरातले देव नदीत सोडले. त्याच आठवड्यात बाप गावच्या जमीनदारासमोर ताठ उभा राहिला आणि नुसतं "नमस्कार" म्हणाला. पुढे महिनाभर त्याला कुणी कामावर बोलावलं नाही. घरात पेजेवर दिवस काढले, पण तो पुन्हा वाकला नाही. आमच्या घरातला जोहार बापाने असा पुरून टाकला होता. आणि मी, त्याचा शिकलेला मुलगा, तो उकरून काढून गावोगाव नाचवत होतो.

दोन दिवसांनी माणगावला दुपारचा कार्यक्रम होता. एका व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं करून सतरंज्या घातलेल्या. जेवण त्याच्याच घरी झालेलं. लाँचवाला झाला, साहेब झाला. चिठ्ठी आली. मी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"ती नक्कल होणार नाही," मी म्हणालो. "तो माझा बाप आहे. मी महार आहे."

लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, हीच नक्कल.

मी पुन्हा सांगितलं. आणखी हसले. एकाने शिट्टी मारली. हसवायचं कसब माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की मला माझी जातसुद्धा धड सांगता येईना. मग मी कोट काढला, खाली ठेवला, हात बाजूला सोडून नुसता उभा राहिलो. कुणाचाही आवाज न काढता तिसऱ्यांदा म्हणालो, "मी महार आहे."

हसू थांबलं. पुढच्या सतरंजीवरचे दोघं उठले.

व्यापारी पुढे आला. चेहरा काळाठिक्कर. "मघाशी आमच्या पंगतीला जेवलात तुम्ही?"

"व्हय," मी म्हणालो. "जेवलो."

पुढची आमंत्रणं एकेक करून रद्द झाली. व्हायचीच होती. त्या म्हाताऱ्याकडे मात्र मी गेलो नाही. माफी मागितली असती तर उलट त्यानेच माझी समजूत काढली असती, आणि ती समजूत घ्यायची माझी लायकी नव्हती. ही लाज माझी आहे. ती मी कुणाकडून धुऊन घेणार नाही.

नकला मी सोडल्या नाहीत, सोडणारही नाही. पडदा सरकला की पहिलं वाक्य मी कोण ते सांगणारं. ज्याला उठायचं असेल त्याने तेव्हाच उठावं. मग मी ओटीवर बसून चहा पिणारा धनी करून दाखवतो. तो कसा हसतो ते दाखवतो. माझं पाठांतर पक्कं आहे, मी त्याच्या फार जवळ बसून जेवलोय.