कुंभारीच्या वळणावरची घागर

सिद्राम वस्ताद गेल्याची बातमी मला शाळेत कळली. सातवीच्या वर्गाला आंबा काढायला दिला होता, निम्म्या पोरांच्या आंब्याचं वांगं झालं होतं आणि मी त्यावरून आवाज चढवला होता, तेवढ्यात शिपाई दाराशी येऊन नुसता उभा राहिला. त्यानं काही म्हणायच्या आधीच मी खडू खाली ठेवला. आदल्या रविवारी मी त्यांना भेटून आलो होतो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं छाती पार पोखरली होती. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून भिंतीला टेकून बसलेले. एकेकाळी दोन गड्यांना दोन बगलांत धरून कुस्तीच्या हौदात घालणारा हा माणूस, आणि आता पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. फार बोलणं झालं नाही. मी उठलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, यंदा तेवढं माइकवरनं सांगा." मी हो म्हणालो. दसऱ्याच्या शर्यतीत पळणाऱ्यांनी वाटेत पाणी प्यावं, एवढंच ते सांगणं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला चार वर्षं भांडावं लागतं आणि ती न होताच जावं लागतं, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. म्हणून हे सगळं नीट सांगतो.

वस्ताद मूळचे दुधनीकडचे. गिरणीत कामाला म्हणून सोलापुरात आले आणि आमच्या गल्लीतली तालीम त्यांनी उभी केली. मी त्याच गल्लीत भाड्यानं राहायला आलो तेव्हा चित्रकलेचा मास्तर म्हणून तालमीच्या भिंतीवर मारुती रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मारुतीचे दंड बारीक झालेत म्हणून त्यांनी माझ्याकडून ते तीनदा रंगवून घेतले. तिथून आमची मैत्री. शर्यतही त्यांच्याच डोक्यातून निघालेली. दसऱ्याच्या सकाळी हिप्परग्याचा तलाव काहिलीत, म्हणजे गूळ आटवायच्या मोठ्या कढईत, बसून पार करायचा, पलीकडे सायकली उभ्या असत, त्यावरून शहराला वळसा घालून अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीच्या वळणापर्यंत जायचं, तिथं लिंबाखाली सायकल टाकायची आणि परत तालमीतल्या मारुतीपर्यंत पळत यायचं. जो आधी मारुतीच्या पायाला हात लावेल तो पहिला. काहिली भीमेकाठच्या गुऱ्हाळांतून बैलगाड्यांवर यायच्या. गुळाची काहील म्हणजे नाव नव्हे. वल्हं मारलं की ती पुढं जायच्या ऐवजी स्वतःभोवती फिरते, आणि आतला गडी जिथून निघाला तिकडंच तोंड करून बसतो. काठावर हशा पिकायचा. खंडेनवमीला गल्लीत मागांबरोबर सायकली आणि वल्हीसुद्धा पुजायला मांडलेली असत, झेंडूची फुलं चाकाच्या तारांत अडकवलेली. लाउडस्पीकरवर बोलायचं काम माझं, आधी तलावावर आणि शेवटी तालमीपाशी. शाळेत पोरं ऐकत नाहीत, निदान इथं तरी ऐकतील, असं वस्ताद मला चिडवायचे.

नेम एकच कडक होता, आणि तो वस्तादांनीच घातलेला. काहिलीत पाय ठेवल्यापासून मारुतीला हात लागेपर्यंत पाणी प्यायचं नाही. पिला तो बाद. तालमीतला हा जुनाच समज. दम चढलेला असताना पाणी लागतं, काळीज धरतं म्हणतात. वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी सांगितलं होतं की तापल्या तव्यावर पाणी मारलं की तवा तडकतो. ते हे इतक्या खात्रीनं सांगत की कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडे ऊन कसं असतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. पण ऊन सोसणं, तहान मारणं यातच मर्दुमकी आहे असं आम्ही सगळेच मानत होतो.

दुष्काळात तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हा शर्यत बंद होती. पुढं पाऊस झाला, तलाव भरला आणि शर्यत पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला वस्तादांचा मुलगा बसवराज उतरला. बसू एकुलता एक. यंत्रमागावर काम करायचा, उंच, हसरा, बापाची नक्कल बापासमोर करणारा. वस्तादांच्या समोर तोंड उघडायची तालमीत कुणाची छाती नव्हती, आणि हा त्यांना 'आप्पा, तुमच्या मिशीला नेम हाय का न्हाय?' असं विचारायचा. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता आणि सकाळपासूनच ऊन भाजत होतं. बसूची काहील नीट चालली, सायकलीवर तो सगळ्यांच्या पुढं निघाला. वळणावर स्वतः वस्ताद उभे होते, नेम राखायला. तिथं काय झालं ते त्यांनी मला फार पुढं एकदाच सांगितलं. बसूनं सायकल टाकली, बापाकडे बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, घोटभर." शेजारच्या वस्तीवरची एक बाई कळशी घेऊन चाललेली होती, तिनं ती खाली ठेवलीसुद्धा. वस्ताद म्हणाले, "पळ. मारुतीपाशी पी."

बसू पळाला. त्यानं मारुतीला हात लावला तेव्हा दुसरा कुणी नजरेच्या टप्प्यातही नव्हता. मी लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं, हलगी कडाडली, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं... आणि खांद्यावरच त्याला आकडी आली. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नव्हता. मग पाणी आणलं, भरपूर आणलं, पण दातखीळ बसली होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं त्याचे डोळे उघडून बघितले आणि याला कुणी पाणी दिलं नाही का, असं विचारलं. आम्ही सात-आठजण उभे होतो. दिवस मावळायच्या आत बसू गेला. त्या संध्याकाळी गल्लीत कुणी कुणाला सोनं दिलं नाही. आपट्याची पानं घराघरांत तशीच वाळून गेली.

इथवर जे झालं त्याला अज्ञान म्हणता येईल. पुढं जे झालं त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. महिन्याभरात तालमीच्या मंडळानं बसूचा मोठा फोटो तालमीत लावला. खाली लिहिलं, 'प्राण दिला, नेम सोडला नाही.' पुढच्या वर्षीपासून शर्यतीला उतरणारे गडी त्या फोटोपुढं नारळ फोडून शपथ घेऊ लागले की आम्हीही घोटभर पिणार नाही. ज्या नेमानं पोर मेलं तो नेम त्याच्याच मरणानं पवित्र झाला. वस्ताद मंडळाच्या बैठकीत गेले आणि मी घातलेला नेम मीच काढतो म्हणाले. मी तिथं होतो. अध्यक्ष मोठे समजूतदार गृहस्थ, कापडाचे व्यापारी; त्यांनी वस्तादांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वस्ताद, नेम मोडला तर आपला बसू उगाच मेला असं होईल."

"उगाचच मेलाय की वो," वस्ताद म्हणाले.

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. दुःखानं माणूस काहीबाही बोलतो, असं नंतर बाहेर येऊन एकानं मला समजावलं. मला त्याचा इतका राग आला की मी चप्पल न घालताच घरी आलो.

तेव्हापासून वस्तादांनी तालमीत पाय ठेवला नाही. पण दसऱ्याला ते कुंभारीच्या वळणावर जायचे. तांब्याची घागर, दोन पेले, घागरीत वाळा घातलेला, मुठीनं मीठ आणि गूळ. पहाटे घरून घागर खांद्यावर घेऊन चालत जायचे, एसटीत बसले तर पाणी हिंदकळतं म्हणून. गडी यायचे, सायकली टाकायचे. वस्ताद पेला पुढं करून त्यांच्याबरोबर चार पावलं पळायचे. घाई झाली की ते कानडीत जात. "कुडियो, नीर कुडियो," पाणी पी रे, पी... आणि गडी मान फिरवून निघून जायचे. त्यातले निम्मे त्यांनीच तयार केलेले. एखाद्याची नजर पेल्यावर रेंगाळायची, पण लिंबाच्या सावलीत मंडळाचा पंच खुर्ची टाकून बसलेला असायचा. शेवटचा गडी गेला की वस्ताद घागर लिंबाच्या बुडाशी ओतायचे. एका वर्षी माइक दुसऱ्याकडे देऊन मी त्यांच्या सोबत गेलो होतो. परत येताना ते म्हणाले, "माणूस तवा न्हाय, मास्तर. मला लई उशिरा कळलं." मग गल्लीत शिरताना, एकानं पिलं तरी पुरे, असं म्हणाले. चार दसरे ते असे उभे राहिले. एकानंही पिलं नाही.

यंदा ते गेल्यावर तालमीत शोकसभा झाली. अध्यक्षांनी भाषण चांगलं केलं, आणि खरोखर मनापासून केलं. मग बसूच्या शेजारी वस्तादांचा फोटो लावला गेला. खालची ओळ वाचून मला वाटलं आपल्या चष्म्याचा नंबर वाढला असावा. 'नेम घालून देणारे आमचे वस्ताद.' मी उठून काही बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात गलका झाला. वस्तादांच्या पत्नी गौरव्वा आत येत होत्या. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही ही आमच्याकडची रीत, स्वतः गौरव्वांनी इतकी वर्षं नवऱ्याचा डबा उंबऱ्याबाहेरून दिलेला. त्या लाल मातीतून सरळ चालत भिंतीपाशी गेल्या. हात पुरेना. मग त्यांनी अध्यक्षांची खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि आधी मुलाचा फोटो काढला, मग नवऱ्याचा. हारासकट. "ह्यो माझा हाय," त्या म्हणाल्या, "आन् ह्योबी माझाच." दोन्ही फोटो पोटाशी धरून त्या निघून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. हौदाची माती आता उकरून बदलावी लागेल, अशी कुजबुज मात्र लगेच सुरू झाली.

दसऱ्याला मी तलावावर माइक हातात घेतला आणि वस्तादांना कबूल केलं होतं ते सांगितलं. वाटेत पाणी प्या, वस्तादांचं सांगणं आहे, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. मंडळानं वायर काढायला लावली होती. माइक तिथंच काठावर ठेवून मी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागं बसलो आणि कुंभारीचं वळण गाठलं. गौरव्वा उभ्या होत्या. घागर तीच. पंचही तोच, त्याच सावलीत. पहिले दोघे आले, सायकली टाकून बघता बघता दिसेनासे झाले. आणखी दोघे गेले. गौरव्वा वस्तादांसारख्या मागं धावल्या नाहीत, नुसता पेला धरून उभ्या राहिल्या. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. आता कुणी थांबणार नाही, वस्तादांची घागर याही वर्षी लिंबालाच जाणार, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि त्याच वेळी पाचवा गडी आला. बार्शीकडचा, यंत्रमागावर कामाला असलेला, विशीतला. त्यानं सायकल टाकली, चार पावलं पुढं गेला आणि थांबला. ओठांवर पांढरी साय धरलेली. पंच खुर्चीतून ओरडला की बाद होशील. पोरानं त्याच्याकडे बघितलं, मग गौरव्वांकडे, आणि परत मागं आला.

त्यानं पेला घेतला तेव्हा तो दातांवर आपटून वाजला. निम्मं पाणी गळ्यावरून छातीवर गेलं. पंच वहीत काहीतरी लिहीत होता. गौरव्वांनी पेला पुन्हा भरला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "दमानं पी, लेकरा. घागर भरलेलीच हाय."

त्यानं रिकामा पेला पुन्हा पुढं केला.