फूलवाल्या मामांचा ब्रेक

“थांबलो की गेलो!” असं ओरडत फूलवाले मामा रोज सकाळी आमच्या गल्लीत शिरायचे, चालत्या सायकलवरून पूजेच्या फुलांची पुडी भिरकावायचे आणि दिसेनासे व्हायचे. पुडी कधी तुळशीत पडे, कधी पेपर वाचत बसलेल्या माझ्या टकलावर. गंगापूर रोडला आमच्या कॉलनीमागे मामांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. देवाला फूल मिळणं आमच्या गल्लीत भक्तीपेक्षा मामांच्या नेमावर अवलंबून असे.

तुम्ही म्हणाल, थांबायला काय झालं होतं? तर मागचा ब्रेक केव्हाच निकामी झाला होता. पुढचा दाबला की चाक धरणारा चिमटा लटलट हलायचा आणि अंगात आल्यासारखं हँडल घुमायचं. मामांना ते मुळीच मान्य नव्हतं.

“आवं भाऊ, चिमटा शाबूत हाय. रस्ताच हलतो.”

मामी पूर्वी कॅरिअरवर बसून यायच्या. एकदा हँडल असं घुमलं आणि त्या उतरल्या त्या उतरल्याच. “चिमटा नीट करा, मंग बसते,” एवढं बोलून त्या हारांची पाटी घेऊन मागून चालत येऊ लागल्या. गुडघे दुखत असायचे, तरी बोगनवेलीत अडकलेल्या पुड्या काढून ज्याच्या त्याच्या दाराला लावत यायच्या. त्यांना असं लंगडत येताना पाहिलं की मामांचं तोंड उतरायचं. बायको मागे बसायला हवी होती, फक्त ‘तुझं खरं होतं’ एवढं म्हणायचं नव्हतं. असा नवरा तुमच्या ओळखीत नाही, असं मला सांगू नका.

थांबण्यासाठी मामांनी कोपऱ्यावरच्या बांधकामाचा वाळूचा ढीग धरला होता. शेवटची पुडी टाकली की ते थेट त्यात घुसायचे आणि कपडे झटकून मामींची वाट बघत बसायचे. पण इमारती कधीतरी पूर्ण होतात. एका सकाळी ढीग गायब! मामा गल्लीत गोल गोल चकरा मारू लागले.

“भाऊ, वाळू कुठं गेली वो?” एवढं ऐकू आलं आणि पाठोपाठ ते आमच्या फाटकावर धाडकन आदळले.

लागलं फारसं नव्हतं. पण मामी त्या तसल्या गुडघ्यांनी धावत आल्या आणि त्यांच्या कोपरावर पदर दाबून बसल्या. त्या हार घेऊन देवळाकडे गेल्यावर मामा हळूच म्हणाले, “बघता का जरा चिमट्याकडं?”

मी सातपूरच्या कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे नट खोलायचे पाने घरातच होते. पुढचा ब्रेक दाबून धरला, सायकल मागेपुढे ढकलली आणि हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवलं. बोटाला टकटक लागली. चिमटा खरंच शाबूत होता, सांधा ढिला झाला होता. खोलून पाहतो तर बेअरिंगचे छर्रे झिजलेले, काही तर नव्हतेच. त्यांच्या जागी हार ओवायचा दोरा गुंडाळून कोंबलेला.

“म्हणजे मामा, तुम्हाला ठाऊक होतं!”

“गप ऱ्हावा वो. तिला सांगू नका.”

नवे छर्रे आणून ग्रीसमध्ये बसवले, वरचा नट बेतानं आवळला. मामांनी एक चक्कर मारून माझ्यासमोर ब्रेक दाबला. सवयीनं ते पाय घासू लागले, पण सायकल केव्हाच थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मामी मागे बसून आल्या. मी मुद्दाम विचारलं, “काय मामा, आज हँडल हलत नाही?”

“मुन्शिपाल्टीनं रस्ता सुधारला ना!”

मामींनी त्यांच्या पाठीत एक धपका घातला, पण उतरल्या नाहीत.

यंदाच्या थंडीत मामा गेले, साध्या तापाचं निमित्त झालं. सकाळची गल्ली गप्प असते, आणि मला ते अजून सोसत नाही. फुलं मात्र येतात. मामींना सायकल चालवता येत नाही. कॅरिअरला पाटी बांधून, दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकलच्याच आधारानं त्या चालत येतात. दर फाटकाशी ब्रेक दाबतात आणि अंगाचा सगळा भार हँडलवर टाकून क्षणभर उभ्या राहतात. हँडल जरासुद्धा हलत नाही.