मामांचा करमुक्त खोकला

न्यूझीलंडातल्या झाडून साऱ्या धर्मगुरूंना घाम फोडण्याची ताकद एका माणसाच्या घशात आहे, आणि माझं नशीब असं की तो माणूस माझ्या सख्ख्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा फार्मसिस्ट. अख्खी नोकरी वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात औषधं देण्यात गेली. औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा जो घडीदार कागद असतो आणि जो आपण सगळे न उघडता फेकून देतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माझ्या पाहण्यातला हा एकमेव इसम. आमच्या वास्तुशांतीला सत्यनारायणाची कथा चालू असताना मामा कोपऱ्यात बसून आमच्या नव्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड वाचत होते. प्रसाद घेता घेता म्हणाले, "जावईबापू, दाराचं रबर यात येत नाही हो." पुढच्या महिन्यात रबरच फाटलं.

अशा माणसाने निवृत्तीनंतर बागकाम करावं, बोलिंग क्लबात जावं. मामांनी धर्मादाय संस्थांचे नियम वाचायला घेतले. तेव्हापासून मामींच्या जिवाला स्वस्थता नाही. चर्चला उत्पन्नावर टॅक्स माफ असतो, याला मामांची हरकत नव्हती. पण त्या माफीच्या बदल्यात चर्चने कुठल्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हे त्यांनी वाचलं आणि ते पेटले. "माझा टॅक्स पगार हातात पडायच्या आत कापला जायचा," ते मला ऐकवत. "मी कधी कुरकुर केली? यांना सगळं माफ, तर एवढं एक पथ्य पाळायला काय होतं? औषध फुकट घ्यायचं आणि वर लोणचंही खायचं!" मी म्हटलं, रीतसर तक्रार करा. तर म्हणाले, "छे, तो कोतेपणा झाला. पेशंटला जागच्या जागी आठवण द्यावी."

आणि म्हणून मामा दर रविवारी, कपाळाला गंध लावून, वेलिंग्टनजवळ पोरिरुआतल्या त्यांच्या घरालगतच्या चर्चमध्ये जाऊन दुसऱ्या रांगेत बसू लागले. तिथले पास्टर सामोआचे, दारात मावणार नाहीत एवढे आडवे आणि मनाने त्याहून मोठे. प्रवचन गरिबीवर असलं की मामा शांत. घरभाड्यावरून गाडी सरकारी धोरणावर घसरली की मामा घसा साफ करीत. आणि "येत्या निवडणुकीत..." एवढे शब्द आले, की असा कोरडा, ठसठशीत खोकला काढीत की मागच्या रांगेतली बाळं जागी होत. पास्टर एकदा मामांकडे बघत, हसत आणि मुकाट पुन्हा बायबलवर येत. त्यांना सगळं समजत होतं. समजत नव्हतं ते चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांना. त्यांनी एका रविवारी मामांना उभं केलं आणि सगळ्या चर्चने डोळे मिटून त्यांच्या खोकल्यासाठी प्रार्थना केली. शिवाय एका आजीबाईंनी त्यांच्या खिशात मधाच्या गोळ्या कोंबल्या. जन्मभर लोकांना खोकल्याची औषधं देणाऱ्या मामांनी त्या निमूट चघळल्या.

हे सारं आमच्या मराठी मंडळात फार कौतुकाने सांगितलं जाई. चर्चवाल्यांची कशी जिरवली! कारण आमचं कसं, आम्ही फक्त संस्कृती जपतो. मंडळही धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे, आम्हालाही टॅक्स माफ आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आमचा गणपती त्याच चर्चच्या हॉलमध्ये बसतो, कारण भाडं कमी. गेल्या वर्षी कौन्सिलची निवडणूक होती, म्हणून अध्यक्षबाईंनी एका उमेदवाराला आरतीचा मान दिला. मामांना मात्र आदल्या दिवशीच फोन केला, "मामा, उद्या घसा सांभाळा हं. मंत्रपुष्पांजली तुम्हालाच म्हणायचीय ना?" यातली धमकी मामांना बरोबर कळली. पहिल्या वर्षापासून मंत्रपुष्पांजलीचा मान त्यांचा. घर सोडून इतक्या लांब आलेल्या या माणसाने वडिलांकडून आणलेली हीच एक गोष्ट होती. ती म्हणताना मामा कधी कागद बघत नसत, आणि कागद न बघता त्यांनी केलेली ही एकच गोष्ट असावी.

उमेदवार आले. "किया ओरा, नमस्कार, गणपती बाप्पा मोरया" म्हणाले, टाळ्या घेतल्या. मग मतांवर आले. मामी मामांचा झब्बा घट्ट धरून उभ्या होत्या. मामांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा, आणि मग तो खोकला आला. भाषण तिथेच आटपलं. अध्यक्षबाईंनी फुलं वाटली आणि मंत्रपुष्पांजली मोबाइलवरून लावली. चर्चमध्ये खोकणारे मामा निर्भीड होते, आमच्यात खोकल्याबरोबर ते घरभेदी झाले.

यंदा पार्लमेंटची निवडणूक. पुन्हा गणपती, पुन्हा उमेदवार. मामा मामींना सोडायला आले आणि कार पार्कमध्ये गाडीतच बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "नको. आत मशीन आहे ना म्हणायला." काच मात्र त्यांनी खाली केलेली होती.

आत उमेदवारबाई मोदकांची स्तुती करून "टू टिक्स"वर आल्या, म्हणजे पक्षालाही मत द्या आणि मलाही. आणि मागून खोकला आला. कोरडा, ठसठशीत. साऱ्या माना वळल्या. दाराशी, हॉलच्या किल्ल्या हातात घेऊन, पास्टर उभे होते. "सॉरी," ते म्हणाले, "माझे डॉक्टर आज बाहेर बसलेत." आधी मामी हसल्या, मग सगळा हॉल, आणि शेवटी, बराच वेळ ओठ दाबून, अध्यक्षबाईसुद्धा.

आरती झाली. फुलं वाटली गेली. अध्यक्षबाईंनी मोबाइल काढला, क्षणभर हातात धरला आणि पर्समध्ये ठेवून दिला. "मामांना बोलवा," त्या मला म्हणाल्या.

मला जावं लागलं नाही. खोकला ऐकून मामा केव्हाचे दारात येऊन उभे होते. लोकांनी वाट करून दिली. ते मूर्तीसमोर आले, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. एवढी दहशत बसवणारा तो घसा ऐन वेळी दाटून आला होता. मामांना असं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. तेवढ्यात पास्टर पुढे आले आणि खिशातून मधाची एक गोळी काढून त्यांनी मामांच्या तळहातावर ठेवली.

मामांनी सवयीने आधी तिच्यावरचा कागद वाचला. मग गोळी तोंडात टाकली. ती विरघळेपर्यंत सगळे हातात फुलं घेऊन थांबलो.